लाखाच्या पुढची गाडी: रबर, पाणी आणि तेलाचा हिशोब

लाख किलोमीटर झालेल्या गाडीत सगळ्यात आधी दमतं ते रबर. मग प्लॅस्टिक, मग तेलं आणि कुलंट. लोखंडाची पाळी बरीच उशिरा येते. तरी गाडी जुनी झाली की मालक इंजिनाच्या आवाजाला कान लावून बसतो, आणि शे-दोनशे रुपयांचा फुगलेला होज बॉनेटखाली तसाच राहतो. तो होज एका उन्हाळी दुपारी घाटात फुटतो आणि मग खरंच इंजिन उघडावं लागतं.

खालचे आकडे आपल्याकडच्या १ ते १.५ लिटरच्या पेट्रोल, सीएनजी आणि डिझेल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून दिले आहेत. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेचा धरा.

आधी कोरी पाटी

गाडी सेकंडहँड घेतली असेल, किंवा स्वतःचीच असून गेल्या चार-पाच वर्षांतली बिलं सापडत नसतील, तर काहीच केलेलं नाही असं धरून चाला. इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, कुलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग, डिझेलमध्ये डिझेल फिल्टर, एवढं एकदा बदलून घ्या आणि त्या दिवशीचं रीडिंग वहीत लिहा. ही दोनशे पानी वही डॅशबोर्डच्या खणातच राहू द्या. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कोणत्या कंपनीचा पार्ट, किती ऑइल टॉपअप केलं हे सगळं तिच्यात यायला हवं. जुन्या गाडीचं निदान निम्मं या वहीवर होतं, कारण ‘कुलंट कमी होतंय’ आणि ‘तीन महिन्यांत अर्धा लिटर कमी झालं’ या दोन वाक्यांत मेकॅनिकसाठी जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मग गाडी लिफ्टवर घ्या आणि टॉर्च घेऊन स्वतः खाली उभे राहा. काय गळतंय, कुठलं बूट (सांध्यावरचं रबरी आवरण) फाटलंय, कुठे गंज आहे, सगळ्याचे फोटो काढा. दर सहा महिन्यांनी त्याच जागांचे फोटो घेतले की गळती वाढतेय की आहे तिथेच आहे ते कळतं. ओल धरलेली जागा आणि थेंब पडणारी जागा यांत फरक करा. लाखाच्या पुढच्या इंजिनावर टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) कडेला थोडी ओल असतेच. तिच्यापायी झोप घालवू नका.

कुलंट: इथे कंजुषी केली तर इंजिन जातं

या गाड्यांचं सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं. एकदा नीट तापलं की ते वाकतं, हेड गॅस्केट (हेडखालची सील) जातं, आणि दहा मिनिटांच्या हट्टाचं बिल कित्येक हजारांत येतं. म्हणून ब्रेक वगळता जुन्या गाडीत पहिला पैसा या यंत्रणेवर घाला.

कुलंट म्हणजे हिरवं किंवा लाल पाणी नव्हे. त्यातलं ग्लायकॉल उकळण्याचा बिंदू वर नेतं (निम्मं-निम्मं मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं, आणि झाकणाच्या दाबाखाली १२० च्याही वर), तर त्यातली रसायनं आतल्या धातूला गंजू देत नाहीत. ही रसायनं दोन-तीन वर्षांत संपतात. रंग मात्र तसाच राहतो, आणि तिथेच फसगत होते. नळाचं किंवा बोअरचं पाणी कधीच घालू नका. मराठवाड्यातलं, सोलापूर-नगरकडचं जड पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार धरतं. घरच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर दिसतो तोच इथेही बसतो.

बदलायची रीत अशी. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढा. रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातली प्लॅस्टिकची चावी जुन्या गाडीत हमखास तुटते. ती अडली असेल तर जोर न लावता खालचा मोठा होज सोडा. सगळं कुलंट टबात धरा आणि कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा. ते गोड लागतं आणि विषारी असतं. बाहेर आलेलं पाणी तपकिरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर भरून इंजिन पंखा लागेपर्यंत चालवा, थंड करा, पुन्हा सोडा, आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच करा. मग निम्मं कॉन्सन्ट्रेट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर, किंवा तयार मिश्रण, सावकाश भरा. छोट्या गाडीत एकूण चार ते सहा लिटर लागतं. शेवटी हिटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडंच असताना, इंजिन आयडलला चालवा. बुडबुडे थांबेपर्यंत आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा, कमी झालेलं भरा, झाकण लावा. ही हवा काढायची राहिली तर सुई अचानक वर-खाली नाचते आणि लोक विनाकारण थर्मोस्टॅट (तापमानानुसार कुलंटची वाट उघडणारी झडप) बदलत बसतात.

थर्मोस्टॅटचं एक वेगळं दुखणं आपल्याकडे आहे. गाडी गरम होते म्हटलं की काही गॅरेजांत ‘आपल्या हवेत लागत नाही’ म्हणून तो काढूनच टाकतात. लागतो. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि इंजिनाला कामाच्या तापमानावर ठेवतो. तो नसला की इंजिन हायवेवर थंडच राहतं, ईसीएम (इंजिनाचा संगणक) जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि ऑइलमध्ये पेट्रोल उतरून पिस्टनच्या रिंगा झिजतात. तपासणं सोपं आहे: सकाळी गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या होजला, पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून, स्पर्श करा. पाच-सात मिनिटं तो गारच हवा आणि मग एकदम गरम व्हायला हवा. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही.

लाखाच्या आसपास वरचा-खालचा होज, रेडिएटरचं झाकण आणि थर्मोस्टॅट एकदमच बदला. झाकणाची रबरी सील कडक झाली की दाब धरत नाही आणि कुलंट बाटलीत फेकलं जातं. होज बोटांनी दाबून पाहा. कुरकुर आवाज आला, टोकाशी फुगीर दिसला किंवा भिजल्यासारखा मऊ लागला तर तो गेला. वॉटर पंपाखाली बारीक भोक असतं. तिथून वाळलेल्या कुलंटचे पांढरे-गुलाबी ओघळ दिसले की पंपाची सील गेलीय आणि पंप काही महिन्यांचा सोबती आहे.

कसारा किंवा खंबाटकी चढताना सुई वर जाऊ लागली तर एसी बंद करा, हिटर आणि ब्लोअर पूर्ण गरमवर लावा, आणि डाव्या हाताला जागा मिळताच थांबा. वाफ नसेल आणि पंखा फिरत असेल तर इंजिन आयडलला ठेवलेलं बरं. वाफ दिसली तर लगेच बंद. झाकणाला अर्धा तास हात लावू नका. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणं म्हणजे हेडला तडा द्यायचा सोपा उपाय.

कुलंट कमी होतंय पण बाहेर कुठेच गळत नाही, सकाळी एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा थर आहे, ही चिन्हं एकत्र दिसली तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. फक्त झाकणाखाली थोडी साय असेल तर घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत बाष्पामुळे तेवढं होतं.

ऑइल पिणारं इंजिन

डिपस्टिक दर रविवारी, सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघा. बहुतेक छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत पाऊण ते एक लिटरचं अंतर असतं. दहा हजार किलोमीटरमध्ये एखादं लिटर टॉपअप करावं लागणं या वयात चालण्यासारखं आहे. हजार किलोमीटरला लिटर लागू लागलं की विषय वेगळा.

पुस्तिकेत बदलण्याचा अवधी १०,००० किमी किंवा एक वर्ष असेल तर लाखानंतर तो ७,५०० वर आणा. पुण्या-मुंबईच्या रहदारीत इंजिन जितके तास चालतं त्या मानाने मीटरवर किलोमीटर फार कमी दिसतात. पेट्रोलच्या १.२ लिटर इंजिनात फिल्टरसह तीन लिटरच्या आसपास ऑइल जातं. साडेतीन लिटरचा कॅन दिला म्हणून सगळा ओतायचा नसतो. जास्त भरलेलं ऑइल क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) फेसाळतो आणि सील ढकलतो.

‘गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल टाका’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. इंजिन ऑइल पीत नसेल तर पुस्तिकेतलाच ग्रेड ठेवा. पीत असेल तर पुस्तिकेने परवानगी दिलेल्या ग्रेडपैकी एक पायरी जाड घ्या, म्हणजे ५डब्ल्यू-३० च्या जागी ५डब्ल्यू-४०. थेट २०डब्ल्यू-५० वर उडी मारली की सकाळी पहिल्या काही सेकंदांत वर कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) ऑइल पोचायला उशीर होतो, आणि झीज जास्त होते ती त्याच क्षणांत. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या इंजिनात फ्लश (इंजिन आतून धुणारं रसायन) टाकू नका. सुटलेला गाळ ऑइलच्या जाळीत जाऊन बसतो. त्यापेक्षा चांगलं ऑइल भरून दोन-तीन वेळा ३,००० किमीला बदला. गाळ सावकाश निघेल.

निळा धूर कधी येतो ते बघा. सकाळी सुरू करताना एकदाच भपकारा येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील कडक झाल्यात. हे काम हेड न काढताही होतं. ॲक्सिलरेटर दाबताना सतत येत असेल तर रिंगा. टर्बो डिझेलमध्ये टर्बोची सीलही असू शकते. निर्णयाआधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या: इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. सिलिंडरांमध्ये १ किलो प्रति चौरस सेंमीपेक्षा जास्त फरक नको. जो कमी दाखवतो त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर गळती रिंगांकडून, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडून. या चाचणीशिवाय कुणी ‘हाफ इंजिन काम करावं लागेल’ म्हणाला तर दुसऱ्या गॅरेजची पायरी चढा.

आणि एक स्वस्त गोष्ट: पीसीव्ही व्हॉल्व्ह. तो चोंदला की क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पेटीतला) दाब बाहेर पडत नाही आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून वाट काढतं. काढून कानाशी हलवून बघा; खुळखुळला पाहिजे. बऱ्याच गळत्या नवी सील न घालता याच एका पार्टने कमी होतात.

टायमिंग बेल्ट की चेन?

पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारी ही जोडणी तुमच्या गाडीत रबरी पट्ट्याची आहे की साखळीची, हे आजच शोधा. जुनी मारुती ८००, १.१ लिटरची सँट्रो, डस्टरचं १.५ डिझेल, पोलोचं डिझेल, २.५ डिझेलची इनोव्हा यांना बेल्ट आहे. स्विफ्ट-वॅगनआरच्या के-सिरीज पेट्रोलला आणि १.३ मल्टिजेट डिझेलला चेन आहे. बेल्ट तुटण्याआधी आवाज करत नाही. बहुतेक इंजिनांत तो तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. इंजिनानुसार ६०,००० ते १,००,००० किमी किंवा पाच वर्षं, जे आधी येईल तेव्हा तो बदला. कमी चाललेल्या गाडीचा बेल्टही वयाने जातो.

बदलताना टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून आणि रांगेत धरणाऱ्या पुल्या) आणि त्याच बेल्टवर वॉटर पंप फिरत असेल तर तोही घ्या. उघडण्याची मजुरी एकदाच. बसवल्यावर इंजिन लगेच स्टार्ट करू देऊ नका. क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायला सांगा आणि खुणा पुन्हा जुळल्या की मगच चावी.

चेन सहसा बदलावी लागत नाही, पण ती ऑइलवर जगते. सकाळी स्टार्ट करताना समोरच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड येत असेल तर टेन्शनर किंवा ताणलेली चेन बघून घ्या. मल्टिजेटमध्ये दीड लाखानंतर या आवाजाकडे दुर्लक्ष करू नका.

ब्रेक आणि खालची कामं

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ २०५ अंशांना उकळतं, ओलावलेलं १४० लाच. डॉट ४ मध्ये हे आकडे २३० आणि १५५. आंबा घाट किंवा वरंध उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवले की तेवढं तापमान गाठलं जातं, ऑइलात वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. अर्धा ते एक लिटर पुरतं. आणि घाट ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा.

पॅडचं मटेरियल ३ मिमी राहिलं की बदला. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियरने मोजा आणि त्याखाली गेलेली डिस्क घासून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. पॅड बदलताना कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) दोन्ही पिन काढून, पुसून सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा. एका बाजूचं पॅड निम्मं आणि दुसरीकडचं संपलेलं दिसलं तर पिन अडकलीय. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडरचं रबर किंचित उचलून बघा; आत ओलं असेल तर सिलिंडर दोन्ही बाजूंचे बदला. रबरी ब्रेक होज आतून फुगले तर ब्रेक सोडल्यावरही चाक धरलेलं राहतं. दहा वर्षांच्या गाडीत होज वाकवून चिरा बघा.

सस्पेन्शनचे आवाज ओळखायला शिका, कारण इथे नुसत्या अंदाजावर सर्वाधिक पार्ट विकले जातात. छोट्या खड्ड्यांवर पत्रा वाजल्यासारखा टकटक: लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझर बुश, दोन्ही स्वस्त. स्पीडब्रेकरवर धप्प: लोअर आर्म बुश किंवा स्ट्रटचं (शॉकअप-स्प्रिंगच्या खांबाचं) माउंट. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना करकर किंवा स्प्रिंग सुटल्यासारखा टणकार: स्ट्रटचं वरचं बेअरिंग. पूर्ण वळणावर टक-टक-टक: ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट, जो बहुधा फक्त बूट फाटल्यामुळे मेला. बूट फाटल्याचं आधी दिसलं (चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं असतं) तर बूट आणि ग्रीसवर भागतं. आवाज यायला लागल्यावर जॉइंटच घ्यावा लागतो.

चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा: ढिलं लागलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे हलवून ढिलं लागलं तर टाय रॉड. हे करताना गाडी स्टँडवर हवी. गाडीसोबतचा जॅक फक्त चाक बदलायला असतो, आणि विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक वजनाखाली एकदम फुटतात. शॉकअप, स्प्रिंग, डिस्क जोडीनेच बदला, आणि खालचं काहीही उघडलं की अलाइनमेंट करा. नाहीतर नवे टायर पाच हजार किलोमीटरमध्ये एका कडेने खाल्ले जातील.

टायरवर चार आकडी शिक्का असतो: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिमीपर्यंत कायद्याने चालते, पण पावसाळ्यात ३ मिमीखाली गाडी पाण्यावर तरंगू लागते. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी असली तरी काढा. स्टेपनीलाही हाच नियम, आणि ती सगळे विसरतात.

क्लच, गिअर, माउंटिंग

तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढलं आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. पेडल दाबल्यावर घरघर येऊन सोडल्यावर थांबत असेल तर रिलीज बेअरिंग. गिअरबॉक्स उतरवणार असाल तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही घाला आणि क्रँकची मागची सील ओली असेल तर तीही. पार्ट वाचवून मजुरी दोनदा भरण्यात काही अर्थ नाही.

गिअर ऑइल बदलताना आधी भरायचा नट सोडून बघा, मगच खालचा. रिकामा गिअरबॉक्स आणि न निघणारा वरचा नट ही जोडी टोचन करून गॅरेज गाठायला लावते. ग्रेड जीएल-४ सांगितला असेल तर जीएल-५ घालू नका. त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) सोसत नाहीत. एसी लावून सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग आणि आरसा थरथरत असेल तर इंजिन माउंटिंग बघा. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करूनही थरथर गेली नाही की बहुधा तेच निघतं.

डिझेल आणि सीएनजीच्या खास भानगडी

डिझेलमध्ये फिल्टर २०,००० ते ३०,००० किमीला, आणि त्यातलं पाणी मध्ये एकदा काढा. पिकअप गेला आणि काळा धूर येतोय तर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीपर्यंतचे) होज आधी तपासा. चिरलेल्या होजभोवती तेलकट काळा डाग दिसतो. मग ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. इंजेक्टरवर संशय असेल तर चारही रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन आयडलला चालवायचं. ज्या बाटलीत जास्त डिझेल येतं तो इंजेक्टर झिजलेला. ही चाचणी झाल्याशिवाय चारही इंजेक्टर बदलायला हो म्हणू नका. हायवेवरून उतरल्यावर अर्धा-एक मिनिट आयडलला थांबून मग इंजिन बंद करा, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जळून कोळसा होत नाही.

सीएनजी गाडीत टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) दर तीन वर्षांनी बंधनकारक आहे. टाकीवरच्या प्लेटवर तारीख असते. वायूमुळे व्हॉल्व्हच्या बैठकींना पेट्रोलसारखा ओलावा मिळत नाही, त्या झिजतात आणि टॅपेटमधली फट कमी होत जाते. टकटक वाढण्याऐवजी इंजिन शांत होतं, म्हणून कुणाला कळत नाही. सकाळी उशिरा सुरू होणं आणि आयडलला मिसिंग ही त्याची लक्षणं. ४०,००० किमीला टॅपेट मोजून घ्या. प्लग पेट्रोल गाडीपेक्षा लवकर बदला, आणि आठवड्यातून एक दिवस गाडी पेट्रोलवर चालवा. नाहीतर पेट्रोलचे इंजेक्टर आणि पंप चोंदतात.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं. एप्रिल २०२३ आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. ॲव्हरेज थोडं पडणार, त्याला इलाज नाही. इंधनाचे रबरी पाइप, ओ-रिंगा आणि फिल्टर मात्र दर सर्व्हिसला वास घेऊन, बोट फिरवून तपासा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका.

वीज

साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. कमी असेल तर अल्टरनेटरचे ब्रश किंवा बेल्ट, १५ च्या वर असेल तर रेग्युलेटर. स्टार्ट करताना ९.६ खाली गेलं तर बॅटरी थकलीय. आपल्या उन्हात तिचं आयुष्य तीन ते पाच वर्षं. नवी घेण्याआधी इंजिनाची आणि बॉडीची अर्थ वायर सोडून दोन्ही टोकं सँडपेपरने घासून परत घट्ट करा. मंद हेडलाइट, रडणारा स्टार्टर, उगाच लागणारे दिवे यांतले निम्मे आजार तिथेच संपतात.

चेक इंजिनचा दिवा लागला की गाडीच्या संगणकातला बिघाडाचा कोड वाचणारा ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर कामाला येतो. पण कोड म्हणजे निदान नव्हे. ‘पी०१७१’ मिश्रण पातळ आहे (पेट्रोल कमी, हवा जास्त) एवढंच सांगतो. कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप असू शकतो, आणि लोक ऑक्सिजन सेन्सर विकत घेऊन मोकळे होतात.

पाऊस, गंज आणि उंदीर

मुंबई, कोकण आणि गोव्यातली गाडी इंजिनाने नाही, पत्र्याने संपते. मे महिन्यात पुढच्या काचेखालचं प्लॅस्टिक उचला आणि गुलमोहराची बारीक पानं हाताने काढा. ती भोकं बुजली की पाणी डाव्या सीटच्या पायाशी उतरतं. दारांच्या आणि खालच्या पट्टीच्या तळाची निचऱ्याची भोकं काडीने मोकळी करा. मॅट उचलून कार्पेट दाबून बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा.

अँटी-रस्ट कोटिंग गंजावरून मारून घेऊ नका. आत ओल कोंडते आणि वरून काळंभोर चकचकीत दिसत पत्रा खाऊन जातो. पावसाळ्यानंतर खालून धुवा, चार दिवस उन्हात वाळू द्या, गंज खरवडून प्रायमर लावा, मग कोटिंग. जॅक लावायच्या जागा, मागच्या ॲक्सलची बैठक आणि पुढचे स्ट्रट टॉवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. तिथे आवाज बोदा आला किंवा पत्रा आत गेला तर इंजिनावर एक रुपयाही घालण्याआधी विचार करा.

उंदरांसाठी बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवण्याचा उपाय वास असेपर्यंत चालतो. वायरिंगवर बारीक जाळीचं आवरण आणि एअर फिल्टरच्या तोंडाला जाळी जास्त टिकते.

पार्ट आणि कागद

ब्रेक, स्टिअरिंग, टायमिंग आणि कुलंटचे पार्ट जेन्युइन किंवा गाडीच्या कंपनीला माल पुरवणाऱ्याचेच घ्या. दाराचे हँडल, मडगार्डचं प्लॅस्टिक, काचेचं मशीन जुन्या बाजारातून आणलं तर काही बिघडत नाही. स्वस्त लोकल बुश वर्षभरही टिकत नाहीत, आणि मजुरी त्यांच्या किमतीहून जास्त असते. काढलेला जुना पार्ट दरवेळी मागून घ्या.

पंधरा वर्षं होत आली की आरसीची मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत फॉर्म २५ भरून नूतनीकरणाचा अर्ज करा. मंजुरी पाच वर्षांसाठी मिळते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. विमा आणि पीयूसी चालू हवेत. तपासणीच्या दिवशी गाडी धुऊन न्या आणि आदल्या संध्याकाळी हे बघा: सगळे दिवे, नंबर प्लेटचा दिवासुद्धा, हॉर्न, वायपरची रबरं, हँडब्रेक, चारही सीटबेल्ट, टायरची नक्षी. चेसिस नंबर कुठे कोरलाय ते शोधून तिथला चिखल आणि रंग आधीच पुसून ठेवा. तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो.